बेस्कॉटचा हंगाम धरायचा कसा

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पोराचं नाव बाराव्या दिवशी ठेवतात. तालीम, म्हणजे आमच्याकडे फुटबॉलचा क्लबच, मात्र जन्माआधीच ठरलेली असते. त्यामुळे २०१६ साली नोकरीसाठी इंग्लंडातल्या वॉल्सॉल गावी आले तेव्हा ‘तुझा क्लब कोणता?’ हा पहिल्याच दिवशी आलेला प्रश्न मला घरचाच वाटला. नवल वाटलं ते उत्तरांचं. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात आम्ही अकरा जण. चार अ‍ॅस्टन व्हिलाचे, तीन वुल्व्ह्‌जचे, दोघं वेस्ट ब्रॉमचे आणि एक चक्क लिव्हरपूलचा. वॉल्सॉलमध्ये राहून, वॉल्सॉलमध्ये पगार घेऊन, वॉल्सॉलचा एकही नाही!

परवा भाच्याचा मेसेज आला. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळासाठी घसा बसवून घेणारं पोरगं ते. “मावशी, सिटी-आर्सेनल तर अख्खी गल्ली बघते. तुझ्या त्या वॉल्सॉलचा नाद लावून घ्यायचा तर सुरुवात कुठून करू?” त्याला उत्तर लिहायला बसले ते लांबत गेलं. तेच इथे ठेवते. इंग्लंडात नव्याने आलेल्या आपल्या लोकांनाही उपयोगी पडेल, कारण मोठ्या क्लबचं तिकीट मिळवण्यात जेवढा जन्म जातो तेवढ्यात लहान क्लबचा अख्खा हंगाम बघून होतो.

क्लब निवडताना

गुणतक्ता उघडून वरचा क्लब उचलू नका. वरचा क्लब पुढच्या वर्षी वरच्या विभागात जाईल किंवा घसरेल, आणि तुमच्या हाती काहीच राहणार नाही. एखादा धागा शोधा. गाव, धंदा, रेल्वे स्टेशन, घरमालक, काहीही चालेल.

माझा धागा चामड्याचा. शेजारी एक आजोबा राहतात, मी त्यांना मनातल्या मनात आबा म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी खोगिरं शिवली. वॉल्सॉल हे खोगीर आणि लगामांचं गाव. घोडे गेले, बरेच कारखानेही गेले, पण थोडी दुकानं अजून तग धरून आहेत आणि गावात चामड्याचं एक छान संग्रहालय आहे. क्लबचं टोपणनावच मुळी ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगीरवाले. पहिल्या भेटीत मी कोल्हापूर म्हणाले तर आबांना काही कळेना. मग आत जाऊन चप्पल आणून दाखवली. त्यांनी चष्मा चढवला, वादीची शिवण अंगठ्याने चाचपली, तळवा वाकवून बघितला आणि म्हणाले, “शनिवारी काय करतेस?” झालं. तालीम ठरली.

क्लबचा थोडा पूर्वेतिहास घोकून ठेवा, गप्पांत शिरायला लागतो. १८८८ मध्ये वॉल्सॉल टाउन आणि वॉल्सॉल स्विफ्ट्स हे दोन क्लब एक झाले. आपल्याकडच्या दोन तालमी एक होतायत अशी कल्पना करून बघा, म्हणजे या घटनेचं मोल कळेल. स्विफ्ट म्हणजे पाकोळी. ती अजून क्लबच्या चिन्हावर उडते आहे. १९९० पर्यंत मैदान फेलोज पार्कला होतं, तेव्हापासून बेस्कॉटला.

आणि एक तारीख. १४ जानेवारी १९३३. एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेत प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमनच्या आर्सेनलला तिसऱ्या विभागातल्या वॉल्सॉलने २-० हरवलं. पहिला गोल गिल्बर्ट ऑल्सॉपचा, दुसरा बिली शेपर्डने पेनल्टीवर मारला. ती पेनल्टी आर्सेनलच्या टॉमी ब्लॅकच्या धसमुसळेपणामुळे मिळाली होती. चॅपमन एवढे भडकले की त्यांनी ब्लॅकला लगेच प्लिमथला विकून टाकलं. आर्सेनल त्या वर्षी लीग जिंकली, पण वॉल्सॉलमध्ये ते कोणी सांगणार नाही. आबा १९३३ मध्ये जन्मलेलेही नव्हते, तरी पेनल्टीचं वर्णन असं करतात की जणू गोलपोस्टमागे उभे होते. पानिपतावर आपले लोक बोलतात तसंच ते. फक्त इथे आपण जिंकलोय.

निवडलात की बदलू नका. तालीम बदलणाऱ्याला पेठेत काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

तक्ता वाचायचा कसा

पहिला घोटाळा नावांचा. लीग टू म्हणजे दुसरी पायरी नव्हे, चौथी. सगळ्यात वर वीस संघांची प्रीमियर लीग, मग चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, आणि या तिन्हींत प्रत्येकी चोवीस संघ. वॉल्सॉल २०१९ साली लीग वनमधून खाली आला, तेव्हापासून चौथ्या पायरीवर आहे. म्हणजे मी आले आणि तीन वर्षांत क्लब घसरला; एक्स-रे विभागातला लिव्हरपूलवाला हे मला अधूनमधून ऐकवतो.

लीग टूमध्ये प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरी, एकदा बाहेर. एकूण ४६ सामने. पहिले तीन संघ थेट वर. चौथा ते सातवा यांच्यात प्ले-ऑफ आणि त्यांतला एकच वर. तळाचे दोन खाली नॅशनल लीगमध्ये, आणि तिथून परत यायला पिढ्या जाऊ शकतात.

माझ्या फ्रिजवर तक्त्याचा कागद असतो. त्यावर पेन्सिलीने तीन रेघा मारायच्या: तिसऱ्याखाली, सातव्याखाली, बावीसाव्याखाली. पहिला कोण, त्याचे गोल किती, हे सगळं सोडून द्या. आपण कुठल्या रेघेजवळ आहोत आणि त्या रेघेपासून किती गुण लांब, एवढंच बघायचं. विजयाचे तीन, बरोबरीचा एक. गुण सारखे झाले तर केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक बघतात, म्हणून ३-० ने हरत असतानाही शेवटच्या मिनिटातला एक गोल वाया जात नाही. हे मला आबांनी भर पावसात समजावलं होतं, मी छत्री उघडून निघायच्या बेतात असताना. छत्री मिटवली.

दहा सामने होईपर्यंत तक्ता लावूच नका. ऑगस्टमधला तक्ता हा लग्नाआधीच्या पत्रिकेसारखा असतो, सगळे गुण जुळतात.

घड्याळ

कोल्हापुरातून बघणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. शनिवारचा सामना इथल्या दुपारी तीनला. ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तो तुमच्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो. त्यानंतर इथली घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेआठ. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेसात. मंगळवारी रात्री पावणेआठला असलेला सामना तुमच्याकडे बुधवार उजाडल्यावर, सव्वाबारा किंवा सव्वा वाजता. भाच्याला सांगून ठेवलंय, मंगळवारचे सामने कॉलेज संपेपर्यंत बंद. काही सामने टीव्हीसाठी दुपारी साडेबाराला ओढतात, म्हणून आदल्या आठवड्यात वेळ पुन्हा तपासा.

एक गंमत. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायला मनाई आहे. साठच्या दशकापासूनचा नियम. लोक घरात बसून मोठा सामना बघायला लागले तर जवळच्या छोट्या मैदानावर कोण जाणार, हा त्यामागचा विचार. मला हा नियम भारी आवडतो, आणि मी आजारी असले की भारी राग येतो. तेव्हा स्थानिक रेडिओवरचं धावतं वर्णन ऐकायचं. खरं सांगायचं तर रेडिओवर वॉल्सॉल जास्त चांगलं खेळतं. परदेशातून व्हिडिओ किंवा आवाज कसा मिळेल हे मात्र हंगाम सुरू होताना क्लबच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. दर वर्षी आणि दर देशागणिक ते बदलतं.

मैदानावर

प्रत्यक्ष यायचं असेल तर बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून वॉल्सॉलकडे जाणारी गाडी धरायची आणि बेस्कॉट स्टेडियम नावाच्याच स्टेशनावर उतरायचं. चालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दुसऱ्या बाजूने एम-सिक्स हा मोटरवे जातो. एका स्टँडच्या पाठीला मोटरवेकडे तोंड केलेला भलामोठा जाहिरातफलक आहे. रोज हजारो गाड्या त्याच्यासमोरून जातात आणि क्लबला त्याचे पैसे मिळतात. या पायरीवर तिकीट विकून सगळं भागत नाही, हे बेस्कॉटला आलात की असं डोळ्यांना दिसतं.

मैदान साधारण अकरा हजारांचं. ते भरलेलं दिसेल अशी अपेक्षा ठेवून येऊ नका. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार खेळताना भिंतीवर, झाडावर, जिथे जागा मिळेल तिथे माणूस असतो. इथे तुमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर तुम्ही पिशवी ठेवू शकता. पण त्यामुळेच खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते सगळं ऐकू येतं. पहिल्या दोन महिन्यांत मी जेवढं इंग्रजी शिकले तेवढं व्हिसाच्या परीक्षेला शिकले नव्हते, आणि त्यातलं निम्मं वॉर्डात वापरता येत नाही.

कपड्यांचं सांगते, कारण माझी फजिती झालीय. पहिल्या सामन्याला थंडी म्हणून आईने दिलेली केशरी-सोनेरी शाल गुंडाळून गेले. सगळी रांग माझ्याकडे वळून बघतेय. मला वाटलं, नवी बाई म्हणून बघत असतील. आबा कानाशी येऊन हळूच म्हणाले, “बाळा, हा रंग वुल्व्ह्‌जचा.” वॉल्सॉलचा लाल. दोन तास शाल पिशवीत आणि मी कुडकुडत. आजूबाजूच्या सात-आठ मैलांत वुल्व्ह्‌ज, वेस्ट ब्रॉम, व्हिला, बर्मिंगहॅम सिटी असे चार मोठे क्लब, म्हणून रंग हा विषय इथे नाजूक आहे. त्याहून नाजूक म्हणजे वॉल्सॉलला बर्मिंगहॅम म्हणणं. इचलकरंजीला कोल्हापूर म्हणून बघा, काय होतं ते.

आता खाणं. मध्यंतराला इथे ‘चिकन बाल्टी पाय’ खातात. मी पहिल्यांदा फलक वाचला तेव्हा मनात मराठीच वाचलं गेलं आणि डोळ्यांसमोर बादलीतला पाय आला. प्रत्यक्षात ही मैद्याची वाटीसारखी बंद करंजी, आत रश्श्याचं चिकन. बाल्टी ही बर्मिंगहॅमच्या पाकिस्तानी खाणावळींतली भाजी. ती पायमध्ये भरून फुटबॉलच्या मैदानावर पहिल्यांदा विकली गेली ती इथेच, असं आबा छातीठोकपणे सांगतात. तांबडा-पांढरा ओरपणाऱ्याला तिखट लागणार नाही, पण जानेवारीत हात शेकायला तिच्यासारखी वस्तू नाही. मध्यंतराच्या चार मिनिटं आधी उठा. शिट्टीनंतर उठलात तर रांगेत उत्तरार्धातला गोल चुकतो. माझे आतापर्यंत पाच चुकलेत.

सीझन तिकीट घ्यायचं का? पहिल्या वर्षी नको. सुट्या तिकिटावर पाच-सहा सामने बघा, वेगवेगळ्या स्टँडात बसा, कुठल्या कोपऱ्यातले लोक आपल्या स्वभावाचे ते बघा. मग तिथलीच खुर्ची घ्या. आबांचा कोपरा कुरकुऱ्यांचा. ते टाळ्या कमी वाजवतात आणि निःश्वास जास्त सोडतात, पण निघत कोणी नाही.

बाहेरगावचा निदान एक सामना करा. यातच चौथ्या पायरीची खरी मजा आहे. ग्रिम्सबीचं मैदान समुद्राला खेटून, वारा असा की गोलकिकचा चेंडू परत गोलकीपरकडे येईल की काय असं वाटतं. न्यूपोर्ट तर वेल्समध्ये, तरी इंग्लिश लीगमध्ये खेळतो. बॅरोला जायचं तर दिवस मोडतो. काही मैदानांवर अजून उभं राहून बघायचे जुने दगडी कठडे आहेत. तिथे उभी राहिले की मला पेठेतला कट्टा आठवतो. हिवाळ्यात निघण्यापूर्वी मैदान गोठलं नाही ना, पाण्याखाली नाही ना, हे सकाळी तपासा. एकदा मी तीन तासांचा प्रवास करून पोचले आणि दारावर ‘सामना रद्द’. बरोबर आणलेली थालीपिठं आम्ही बंद मैदानाच्या भिंतीला टेकून खाल्ली.

करंडकांबद्दल थोडक्यात. लीग कपमध्ये मोठा क्लब गावात येतो तेव्हा मैदानावर जायलाच हवं. सप्टेंबर २०२४ मध्ये लेस्टर बेस्कॉटला आली, नव्वद मिनिटं ०-० रोखून धरली आणि पेनल्टींत हरलो. एफए कपचा पहिला फेरा नोव्हेंबरात. ईएफएल ट्रॉफीत मोठ्या क्लबांची पोरंसोरं उतरवतात म्हणून बरेच पाठीराखे तिथे पाऊल ठेवत नाहीत. आबाही नाहीत. मी मात्र स्वस्तात मॅच मिळते म्हणून गुपचूप जाते.

उसनी वाटी

आता मुख्य गोष्ट. हे नीट समजलं नाही तर तुमचा पहिला हंगाम जानेवारीत मोडेल.

तुमचा सगळ्यात चांगला खेळाडू बहुतेक वेळा तुमचा नसतो. वरच्या क्लबांकडे कोवळी पोरं भरपूर असतात आणि त्यांना खेळायला मैदान नसतं. ती पोरं ते खालच्या क्लबांना हंगामापुरती देतात. याला इथे लोन म्हणतात. मी उसनी वाटी म्हणते. शेजारणीकडून साखर आणायची, चहा गोड करायचा, आणि ती मागेल तेव्हा वाटी परत करायची. फक्त इथे शेजारीण जानेवारीत येते, आणि चहा अजून अर्धाच झालेला असतो.

२०२४-२५ चा हंगाम घ्या. तेव्हा आमचे प्रशिक्षक होते मॅट सॅडलर. सॅडलर्सचा सॅडलर, हा योगायोग; मराठीत सांगितला तर कोणी विश्वास ठेवणार नाही. स्टोक सिटीकडून नेथन लो नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा उसना आला आणि अर्ध्या हंगामात त्याने लीगमध्ये पंधरा गोल केले. चेंडू गोलसमोरच्या पेटीत आला की तो आधीच तिथे. आबांना निःश्वास सोडायला वेळच मिळेना. जानेवारीत एक वेळ अशी आली की आम्ही दुसऱ्यापेक्षा बारा गुणांनी पुढे. बारा! फ्रिजवरच्या कागदावर तिसऱ्याखालच्या रेघेकडे मी बघणंच सोडलं. विभागातल्या व्हिलावाल्यांनी मला पहिल्यांदा ‘काय म्हणतोय तुझा क्लब’ म्हणून स्वतःहून विचारलं.

त्याच महिन्यात स्टोकने लोला परत बोलावलं.

पुढे काय झालं ते एका कारणाने झालं असं म्हणणं बरोबर नाही. दुखापती, थकवा, नशीब, सगळंच असतं. पण विजय आटत गेले. हरत होतो असंही नाही. बरोबरी, बरोबरी, मग एक हार. हे जास्त वाईट. हरलेल्या संघावर रागावता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी कागदावर दर शनिवारी आकडा खोडून नवा लिहीत होते आणि खोडरबराने कागदाला भोक पडलं.

तर पहिल्या हंगामासाठी माझी पद्धत अशी. ऑगस्टमध्येच यादी करा: कोण आपला, कोण उसना, उसना असेल तर कोणाचा आणि कधीपर्यंत. क्लबच्या बातम्यांत हे सगळं असतं. उसन्या पोराच्या नावापुढे एक टिंब द्या. डिसेंबरात टिंबवाल्यांनी किती गोल केले ते मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर तक्त्यातली आघाडीही उसनीच आहे असं धरा आणि जानेवारीत कोणाशी पैज लावू नका. मी विभागात सहा जणांना केक कबूल केला होता. एप्रिलमध्ये तो केला, आणि खाताना कोणी काही बोललं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

टिंबवाल्या पोरावर जीव लावू नका असं मात्र मी सांगणार नाही. आबा म्हणतात, त्यांनी शिवलेलं एकही खोगीर त्यांच्या घरी नाही.

मे महिना

शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी असतात, आणि तुम्हाला दोन सामने एकदम बघायला लागतात: आपला आणि ज्याच्याशी स्पर्धा आहे त्याचा. तेव्हा माणसं वाटून घ्या. ३ मे २०२५ ला आमचा सामना क्रूमध्ये होता. मी आबांच्या स्वयंपाकघरात, रेडिओ माझ्याकडे, ब्रॅडफर्ड-फ्लीटवुड आबांच्या नातवाच्या फोनवर. आम्ही १-० जिंकत होतो. ब्रॅडफर्ड ०-० वर अडकली होती. तसंच संपलं असतं तर तिसरा क्रमांक आमचा आणि थेट वर.

नव्वद मिनिटं झाली. जादा वेळ सुरू. आबांनी किटली ठेवली, गॅस मात्र लावलाच नाही. मग नातू ‘नाही’ म्हणाला. नुसतं ‘नाही’. ९६व्या मिनिटाला ब्रॅडफर्डच्या अँटनी सार्सेविचने गोल केला होता. त्यांचे ७८ गुण, आमचे ७७. जिंकूनही चौथे.

इथे एक सूचना. अशा वेळी सांत्वन करू नका. ‘प्ले-ऑफ आहे की अजून’ हे वाक्य खरं असलं तरी त्या दिवशी उच्चारायचं नाही. मी उच्चारलं. आबा उठून बागेत गेले आणि अर्धा तास गुलाबाला पाणी घालत राहिले. पाऊस पडत होता.

प्ले-ऑफचं गणित असं: चौथा विरुद्ध सातवा, पाचवा विरुद्ध सहावा, दोन-दोन सामने, एक घरी एक बाहेर, दोन्हींतले गोल मिळवून निकाल. दुसरा सामना वरच्या क्रमांकवाल्याच्या मैदानावर. मग अंतिम सामना एकच, वेम्बलीला. आम्ही चेस्टरफील्डला हरवलं आणि २६ मे च्या सोमवारी, बँक सुट्टीच्या दिवशी, लाल शाल घेऊन (हो, तोवर लाल घेतली होती) बसमध्ये बसलो. समोर विम्बल्डन, आमच्यापेक्षा चार गुणांनी मागे राहिलेला संघ. पण लीगचे गुण वेम्बलीच्या दारात ठेवून आत जायचं असतं. मध्यंतराच्या तोंडावर माइल्स हिपोलाइटने गोल केला. १-०. संपलं.

वेम्बलीला जाणाऱ्यांसाठी: परतीच्या बसची वेळ सामना संपल्यावर लगेचची ठरवू नका, गर्दीतून बाहेर यायलाच तास जातो. खाणं घरून न्या. पाण्याची बाटली आणि पिशवीचे नियम आदल्या दिवशी वाचा. आणि हरलात तर समोरच्यांना चषक उचलताना बघायचं की निघायचं हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी ठरवता येत नाही. आम्ही थांबलो. आबांनी दोन टाळ्या वाजवल्या, मोजून दोन.

जूनमध्ये करायची कामं दोनच. एक, पुढच्या सीझन तिकिटाची मुदत बघा, आपली खुर्ची राखून ठेवायची तारीख उलटली तर ती दुसऱ्याला जाते. दुसरं, महिन्याच्या उत्तरार्धात नव्या हंगामाचं वेळापत्रक येतं. ते आलं की सगळे पहिला सामना शोधतात. तुम्ही २६ डिसेंबर शोधा. त्या दिवशी इथे फुटबॉल असतोच, आणि सामना घरी आहे की बाहेर यावर तुमच्या ऑफिसात नाताळची ड्यूटी कोणाशी बदलायची ते ठरतं. आमच्याकडे ड्यूटीचा कागद लागायच्या आत रजेचा अर्ज द्यावा लागतो, नाहीतर व्हिलावाले चौघं आधी हात वर करतात.